आवाहन खरे असले तरी

मोबाइलवरून मदत गोळा करणाऱ्या कोणाची लबाडी उघडकीस आली की आपल्याकडे तोच वाद नव्याने सुरू होतो. दुसऱ्याच कोणाच्या आजारी मुलाचा फोटो, बदललेला क्यूआर कोड, वर्षभरापूर्वी वारलेल्या रुग्णाच्या नावाने अजून फिरणारा मेसेज. एक बाजू म्हणते, फोनवर आलेल्या कुठल्याच हाकेला एक रुपयाही देऊ नका. दुसरी म्हणते, दहा लबाडांपायी एका खऱ्या गरजूला नाकारायचे का? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि भांडताना एक गोष्ट न बोलताच मान्य करून टाकतात, की आवाहन खरे निघाले म्हणजे प्रश्न मिटला. मला नेमके हेच पटत नाही. उद्या एकूण एक आवाहन तपासून, खात्री करून आपल्या फोनवर आले, खोटे एकही उरले नाही, तरी आज ज्या रीतीने ही मदत गोळा होते ती रीत अन्यायाचीच राहील. कारण मदत कोणाला मिळणार हे तिथे गरजेवरून ठरत नाही. ते ओळखीवरून आणि चेहऱ्यावरून ठरते. फोनवरून द्यावे, जरूर द्यावे. पण एकेक चेहरा निवडून देण्यापेक्षा, जिथे गरज पाहून वाटप होते आणि हिशेब मांडला जातो अशा सामाईक निधीला द्यावे, आणि जे सरकारने द्यायचे आहे ते सरकारकडे मागण्याचा हट्ट सोडू नये.

या साधनाने जे साधले त्याचे श्रेय आधी मोकळेपणाने दिले पाहिजे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनी मोबाइलवरून ‘हैती’ एवढा एक शब्द ठरावीक क्रमांकावर पाठवला, दहा डॉलर त्यांच्या फोनबिलात चढले, आणि अमेरिकन रेडक्रॉसकडे केवळ या वाटेने ३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. पुढच्याच वर्षी केनियात दुष्काळ पडला, तेव्हा ‘केनियन्स फॉर केनिया’ या मोहिमेत साध्यासुध्या केनियन माणसांनी एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेतून आपल्या देशबांधवांसाठी पैसे पाठवले. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि मनिऑर्डरचा फॉर्म, चेक, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारे कार्यकर्ते, यांच्यावाचून दान पोहोचू लागले. पन्नास रुपये देण्याची ऐपत असलेल्या माणसाला पूर्वी पन्नास रुपये देताना संकोच वाटे. पावती फाडणाऱ्याची नजर चुकवावी लागे, नाहीतर ऐपतीबाहेरचा आकडा सांगावा लागे. आता रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, कॉलेजातला मुलगा असे कोणीही कोणाला कळू न देता हवे तेवढे देऊ शकते. दान हा शेठजींचा आणि कंपन्यांचा प्रांत राहिला नाही, ही बाब मला फार मोलाची वाटते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनच्या शोधात लोक धावत होते तेव्हा सरकारी यंत्रणेच्या आधी फोनवरचे ग्रुपच कामाला लागले होते, हेही विसरता येणार नाही.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकांनी उभे केले. तिला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा आनुवंशिक आजार होता आणि त्यावरचे जनुकीय उपचाराचे इंजेक्शन परदेशातून आणावे लागणार होते. केंद्र सरकारने त्यावरचे सुमारे ६ कोटींचे आयातशुल्क आणि जीएसटी माफ केला. त्या आईबापांनी चूक केली, असे म्हणण्याची माझी छाती नाही. माझ्या घरातले मूल असते तर मीही जगाच्या दारात उभा राहिलो असतो. हा विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे: फोन नसता तर ते इंजेक्शन मिळालेच नसते.

पण हिशेब इथे थांबवता येत नाही. एसएमए साधारण दर दहा हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाख बाळे जन्माला येतात. म्हणजे एकट्या आपल्या राज्यात दरवर्षी दीड-दोनशे घरांवर हाच आघात होतो. त्यांतल्या किती मुलांचे चेहरे आपल्या फोनवर आले? उरलेल्यांचे आजार कमी गंभीर होते का? आपण एका मुलीसाठी धावलो यात अभिमान जरूर आहे, पण जी मुले आपल्याला दिसलीच नाहीत त्यांचे काय झाले, हे त्या अभिमानाच्या भरात कोणी विचारलेच नाही.

फोनवरचे आवाहन चालायला काय लागते ते जरा बारकाईने पाहा. चांगला फोटो लागतो. आजाराची गोष्ट नीट लिहिणारा, शक्यतो इंग्रजीत लिहिणारा कोणीतरी लागतो. आयटीतला मावसभाऊ लागतो, पुण्याच्या किंवा न्यू जर्सीच्या मंडळातले चार मित्र लागतात, एखादा नट किंवा क्रिकेटपटू आवाहन पुढे पाठवील इतकी ओळख लागते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याकडे यांतले काय असते? मेळघाटातल्या आईकडे? आणि आजारांतही उतरंड लागते. गोंडस बाळाचे हृदय लोकांना हेलावते. साठीच्या विधुराचे डायलिसिस हेलावत नाही. दारूने यकृत गेलेल्या बापासाठी, मनोरुग्ण बहिणीसाठी, एचआयव्ही असलेल्या तरुणासाठी कोणी फॉरवर्ड करत नाही, आणि घरचेही फोटो टाकायला धजत नाहीत. देणाऱ्याच्या मनात खोट नाही. त्याच्यासमोर जे येते त्याला तो प्रतिसाद देतो. पण काय समोर यावे हे आधीच ठरून गेलेले असते. भूकंपात आणि महापुरात मदतीचे ट्रक हमरस्त्यालगतच्या गावात थांबतात आणि आतल्या वाडीपर्यंत काहीच पोहोचत नाही, हा अनुभव महाराष्ट्राने किल्लारीपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत अनेकदा घेतला आहे. फोनवरचा हमरस्ता ओळखीचा असतो, एवढाच फरक.

मराठी समाजाला ही रीत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, उरलेल्या दिवशी माधुकरी. त्या अन्नावर अनेक मोठी माणसे घडली आणि वाढणाऱ्या घरांचे उपकार त्यांनी जन्मभर मानले. पण वार कोणाला मिळे? ज्याच्या वडिलांची कोणाशी तरी ओळख असे, जो योग्य जातीत जन्मलेला असे, जो वाढणाऱ्याला नम्र आणि हुशार वाटे, त्याला. बाकीच्यांना त्या शहरात दारच नव्हते. आणि ज्याला वार मिळे त्याला रोज कोणाच्या तरी ओसरीवर आपली गरिबी घेऊन बसावे लागे. देणारा उदार होता, अन्न खरे होते, भूकही खरी होती. तरीही तिला व्यवस्था म्हणता येणार नव्हते.

भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी मुष्टिफंड निघाला: घरातल्या बाईने दळायला-रांधायला घेताना मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहासाठी द्यायचे. देणाऱ्या बाया स्वतः गरीब होत्या. पण त्या मुठीचे वैशिष्ट्य तिच्या लहानपणात नव्हते. ती मूठ कोणत्या मुलाच्या ताटात पडणार, तो मराठ्याचा, महाराचा की धनगराचा, हे देणारीला ठाऊक नव्हते आणि ठरवण्याचा अधिकारही तिने मागितला नव्हता. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करणारा पैसाफंड चालवला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. लहान रक्कम, अगणित देणारे, एक सामाईक काम. यूपीआयवरच्या अकरा आणि एकवीस रुपयांना खरा वारसा आहे तो हा. पैशांचा हा ओघ आजवर कोणत्याही फंडवाल्याला मिळाला नव्हता इतका सोपा झाला असताना आपण तो मुष्टिफंडाकडे न नेता वार लावण्याकडे नेला, हे मला सलते.

यावर मिळणारे उत्तर मला माहीत आहे. माणूस माणसाला देतो, निधीला देत नाही. चेहरा दिसल्याशिवाय हात खिशात जात नाही. हे बरेचसे खरे आहे. पण पूर्ण खरे असते तर वर उल्लेखलेल्या हैतीच्या आणि केनियाच्या मोहिमा उभ्याच राहिल्या नसत्या. दहा डॉलर देणाऱ्याने कोणा एका हैतियन मुलाचा फोटो निवडला नव्हता. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दरवर्षी निवडक संस्थांची कामे वाचकांपुढे ठेवली, आणि कुठलाही रडका फोटो न छापता वाचकांनी भरभरून धनादेश पाठवले. तिथे चेहऱ्याच्या जागी पत्रकारांनी केलेली पारख होती. लोकांना विश्वास ठेवायला काहीतरी लागते, हे कबूल. ते आजाऱ्याचे उघडे दुःखच असले पाहिजे, असे कोणी ठरवले?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. संस्थांवर तरी विश्वास का ठेवायचा? हैतीचेच उदाहरण उलटवता येते. अमेरिकन रेडक्रॉसने सगळ्या मार्गांनी मिळून हैतीसाठी सुमारे ५० कोटी डॉलर जमवले, आणि २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या अमेरिकन वृत्तसंस्थांच्या वार्ताहरांनी शोध घेतला तेव्हा संस्थेने स्वतः बांधलेली कायमची घरे निघाली सहा. हे वाचून कोणाचाही संताप होईल, आणि मग माणूस म्हणतो की त्यापेक्षा मी थेट त्या आईच्या खात्यात पैसे टाकीन. पण ही गोष्ट आपल्याला कळली कशी? प्रश्न विचारायला एक नोंदलेली संस्था होती, तिचे आकडे होते, तिला जाब विचारणारे पत्रकार होते, पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्येही चौकशी झाली. तुमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलेल्या आवाहनातून एकूण किती जमले, रुग्णालयाला किती गेले, उरलेले कुठे आहे, हे तुम्ही कोणाला विचाराल? मुलगा दगावला असेल तर विचारण्याची हिंमतही होत नाही. संस्थेचा गैरकारभार हा हिशेब मागण्याच्या बाजूचा पुरावा आहे. हिशेबच नसलेल्या जागी पैसे टाकण्याला तो आधार होऊ शकत नाही.

सामाईक निधीची सर्वांत मोठी मराठी कथा तर आपण दरमहा पगारपत्रकात पाहतो आणि ओळखत नाही. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे खडी फोडायला रस्त्यावर आली. शहरांतून सुकडी, कपडे, धान्य गेले. दानशूरांची तेव्हाही कमी नव्हती. पण विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्यासारख्या माणसांनी आग्रह धरला तो वेगळ्या गोष्टीचा: हाताला काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी असावी. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जाऊ लागले आणि ते रोजगार हमीकडे वळले. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी कायदा करून देशाने तो धागा उचलला. मुंबईच्या कारकुनाने बीडच्या मजुराचा फोटो पाहिला नाही, मजुराने त्याच्यापुढे हात पसरला नाही. कामावर तो हक्काने गेला. योजनेत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी उशिरा मिळाली, सगळे खरे. पण त्याविरुद्ध मोर्चा काढता आला, कोर्टात जाता आले, कारण तो हक्क होता. दानाविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

आरोग्याच्या बाबतीत आपण या वाटेवर अर्धेच चाललो आहोत, आणि फोनवरच्या आवाहनांनी उरलेले अर्धे चालण्याची निकड घालवली, हा माझा मुख्य आरोप आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारांविषयीच्या धोरणातच लोकवर्गणीसाठी पोर्टल काढण्याची तरतूद आहे. रुग्णामागे मदतीची मर्यादा नंतर ५० लाखांपर्यंत वाढवली, आणि मुंबईचे केईएम हे त्यातले एक मान्यताप्राप्त केंद्र आहे. हे चांगलेच झाले. पण ज्याचा खर्च त्या मर्यादेत बसत नाही त्याला सरकारनेच समाजापुढे उभे करायचे? खासगी माणसाने नाइलाजाने केलेली गोष्ट सरकारने धोरण म्हणून लिहून टाकली, याचा आपल्याला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही, कारण तोवर आपल्याला रोज सकाळी असे दोन-तीन मेसेज पाहण्याची सवय लागली होती.

“सरकार करील तेव्हा करील, मूल आज मरते आहे,” हे वाक्य इथे हटकून येते. त्याला मी खोडून काढणार नाही. पण आज जे मिळू शकते ते तरी मागितले जाते का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांपर्यंत गेले आणि ती सर्व कुटुंबांना खुली झाली. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. तरीही कित्येक आवाहने त्याच धर्मादाय रुग्णालयांतल्या रुग्णांची असतात, आणि त्यांत रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाचा फोटो असतो, पण निर्धन रुग्ण निधीसाठी अर्ज केला होता का, त्याचे काय झाले, याची ओळ नसते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मिळवण्यापेक्षा क्यूआर कोड टाकणे सोपे आहे, आणि रुग्णालयालाही समाजसेवा विभागाचे दार उघडण्यापेक्षा नातेवाइकांना “तुम्ही क्राउडफंडिंग करून बघा” म्हणणे सोपे आहे. आपण भाबडेपणाने पाठवलेले पाचशे रुपये मग कोणाला वाचवतात? काही वेळा रुग्णाला, आणि काही वेळा ज्याने कायद्याने सवलत द्यायची होती त्याला.

किमतींचेही तेच. १६ कोटी हा आकडा आपण निसर्गाने दिल्यासारखा स्वीकारला आणि जमवायला धावलो. याच एसएमएवरचे तोंडाने घ्यायचे औषध रिसडिप्लाम रोश कंपनीकडून बाटलीला सुमारे सहा लाख रुपयांना मिळत होते. नॅटको या भारतीय कंपनीने त्याची जेनेरिक आवृत्ती काढायचे ठरवले, पेटंटवरून खटला झाला, दिल्ली उच्च न्यायालयाने तिला रोखण्यास नकार दिला, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि बाटलीची किंमत १५,९०० रुपये जाहीर झाली. कोणत्याही फॉरवर्डने एवढी मदत एवढ्या मुलांना एका दिवसात केलेली नाही. रुग्ण आणि त्यांचे आईबाप कोर्टात आणि मंत्रालयांत वर्षानुवर्षे खेटे घालत होते तेव्हा त्यांच्यामागे किती फोन उभे होते?

आजाऱ्याच्या अब्रूविषयी थोडेच सांगतो, कारण ते सगळ्यांना दिसते आणि सगळे डोळेझाक करतात. नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो, निदानाचा कागद, आधार कार्ड, वडिलांचा नंबर, हे सारे हजारो अनोळखी फोनांवर कायमचे राहते. मूल बरे होऊन पंधरा वर्षांचे होते, तरी तो फोटो कुठे ना कुठे फिरत असतो. वार लावून जेवणाऱ्याला निदान सात घरांनीच ओळखले होते.

मग करायचे काय, तर आहे त्या कायद्याचा फोनपर्यंत विस्तार. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळालाही वर्गणी गोळा करण्याआधी कलम ४१ ग खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. गल्लीतल्या मंडळाला जे लागू आहे ते फोनवरून लाखो-कोटी जमवणाऱ्या आवाहनाला का असू नये, यावर आपल्याकडे चर्चाच नाही. खासगी क्राउडफंडिंग कंपन्यांनी त्यांचा वाटा, ‘टिप’ म्हणून आपोआप जोडली जाणारी रक्कम आणि जाहिरातीवर केलेला खर्च प्रत्येक आवाहनाखाली ठळक लिहिला पाहिजे. वैद्यकीय मदत शक्यतो रुग्णालयाच्याच खात्यावर जावी. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवलेली असल्याने त्यात आता तांत्रिक अडचणही नाही. आवाहनासोबत सरकारी योजनांकडे केलेल्या अर्जांची स्थिती द्यावी, म्हणजे कोणती यंत्रणा अडली आहे हे देणाऱ्यांना कळेल आणि पाचशे रुपयांबरोबर पाचशे लोकांचा दबावही तिथे पोहोचेल. आणि गरजेपेक्षा जास्त जमलेली रक्कम त्याच रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीत जाईल, ही अट पैसे मागतानाच लिहिलेली असावी. ज्याच्याकडे फोटो काढणारा भाचा नाही, त्या रुग्णाचा फोनवरून आलेल्या पैशावर कायद्याने मिळालेला तो पहिला हक्क असेल.